टायेशाच्या नावावरची लाइट

माझा धाकटा भाऊ रूफस याने पासष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं आणि लग्नाचा तीन मजली केक उन्हाने ओघळून टेबलाखाली गेला, त्या वर्षीची ही गोष्ट. पाइन ब्लफमध्ये आमच्या गल्लीत ते साल अजून असंच सांगतात. "रूफसचा केक पडला तेव्हा" म्हटलं की पुढे आकडा लागत नाही.

त्याच लग्नात, चर्चच्या मागच्या अंगणात, टायेशाने सगळ्यांना सांगितलं की तिला लिटल रॉकला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली. टायेशा म्हणजे माझ्या वारलेल्या बहिणीची नात, वर्लीनची एकुलती एक लेक. तेव्हा वीस वर्षांची. म्हाताऱ्यांच्या आश्रमात मदतनीस म्हणून राबत होती.

"म्हणजे आता माझं ब्लड प्रेशर फुकट बघणार तू," रूफस म्हणाला.

"फुकट? रूफस आजोबा, आधी केकवाल्याचे पैसे द्या. तो गेटपाशी उभा आहे."

सगळे हसले. वर्लीन सगळ्यात मोठ्याने हसली आणि हसता हसता खुर्चीत बसली, कारण तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं. आदल्या हिवाळ्यात तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार व्हॅन येऊन तिला रक्त धुण्याच्या केंद्रात न्यायची आणि दुपारी धुतल्या फडक्यासारखी परत आणून सोडायची. टायेशाचा बाप पोरगी लहान असतानाच टेक्ससला कामाला गेला आणि तिथलाच झाला. त्यामुळे घरात या दोघीच. टायेशाने तिथेच जाहीर केलं, "मम्मा माझ्याबरोबर येणार. तिला इथे टाकून मी जायची नाही."

कॉलेज जानेवारीत सुरू होणार होतं. त्याआधी लिटल रॉकला जागा बघायची होती, आणि तिकडचे घरमालक माणसाचं तोंड बघण्याआधी त्याचं क्रेडिट बघतात, म्हणजे आजवरची बिलं आणि उधारी वेळेवर फेडली की नाही ते.

टायेशाला याचं भय नव्हतं. ती मुळातच सावध पोर. गावातल्या कॉलेजच्या दारात क्रेडिट कार्डवाले टेबल मांडून बसायचे तेव्हा हिच्या मैत्रिणी धडाधड अर्ज भरायच्या. ही बाजूने निघून जायची. लायब्ररीत मिस प्रूइट नावाच्या बाई तरुण पोरांना पैशाचं शिकवत. टायेशा तिथे वर्षभर गेली. घरी येऊन आम्हाला शिकवायची. एकच कार्ड घ्यायचं, त्यावर फक्त पेट्रोल भरायचं, महिन्याच्या महिन्याला सगळे पैसे चुकते करायचे, आणि दर वर्षी आपल्या क्रेडिटचा रिपोर्ट मागवून वाचायचा. कुणी काय लिहिलंय आपल्याबद्दल ते आपल्याला ठाऊक पाहिजे.

"देवाच्या वहीत काय लिहिलंय ते आधी बघ," मी म्हणायचे.

"ती वही घरमालक मागत नाही, आजी."

म्हणून जुलैमध्ये तिने पहिल्या कार्डाचा अर्ज केला. नकार आला. तिला वाटलं, कंपनीच वाईट. रागाच्या भरात तिने आठवड्याभरात आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकले आणि तिन्हीकडून नकार आले. मिस प्रूइट तिला म्हणाल्या, "अगं, वर्षभर काय शिकवलं मी? प्रत्येक अर्जाची नोंद होते. चार दारं ठोठावलीस; पाचवा विचारतो, ही पोरगी एवढी अडचणीत का? पहिल्या नकारालाच रिपोर्ट मागवायचा होतास. वर्गात मान डोलवायचीस ती कशाला?"

मग तिने रिपोर्ट मागवला. तो घेऊन ती स्वतःच्या घरी गेली नाही, माझ्याकडे आली. मी ओसरीवर शेंगा सोलत होते.

"आजी, हे वाच."

मला अक्षरं आली ती साठीनंतर, चर्चच्या तळघरात. त्यामुळे मला वेळ लागतो. टायेशा बोट ठेवून उभी राहिली. विजेची कंपनी, थकबाकी. गॅसची कंपनी, थकबाकी. फर्निचरच्या दुकानाचा हप्ता, थकबाकी. सगळ्यांवर नाव टायेशाचं, आणि जन्मल्यावर सरकार देतं तो नंबरही टायेशाचा.

"विजेचं खातं उघडलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते," ती म्हणाली. "कुणीतरी माझा नंबर चोरलाय."

मी शेंगा बाजूला ठेवल्या. मला ते कुणी केलं हे रिपोर्ट न वाचताही कळलं असतं. आमच्या गल्लीत ज्याची लाइट कापली जायची आणि ज्याला कंपनी परत जोडून द्यायची नाही, तो पोराच्या नावावर घ्यायचा. पोराचं नाव स्वच्छ. कुणाला त्यात चोरी वाटायची नाही. कुणी लपवायचंही नाही. पलीकडची ओवीटा तर हसत सांगायची, "आमच्या बंटूच्या नावावर लाइट आहे, पाणी आहे, गॅस आहे, आणि बंटू अजून चड्डी ओली करतो." घर पोराचंही आहे, मग नाव पोराचं का नको, असा सरळ हिशेब. पैसे आले की भरू, असं सगळ्यांना खरंच वाटायचं.

"तुझ्या आईला विचार," मी म्हटलं.

टायेशाने माझ्याकडे बघितलं आणि पायरीवर बसली. मग म्हणाली, "तू पण चल."

वर्लीन स्वयंपाकघरात होती. केंद्राचा दिवस नव्हता, त्यामुळे चेहऱ्यावर जरा तेज होतं. टायेशाने कागद टेबलावर ठेवला. वर्लीनने तो उचललाही नाही.

"लाइट होय?" ती म्हणाली.

"लाइट, गॅस आणि सोफा."

"सोफा नव्हे, पलंग. तुझा पलंग. तू जमिनीवर झोपायचीस आणि रात्रभर खोकायचीस."

"मम्मा, मी पंधरा वर्षांची होते!"

"मला माहीत आहे तू किती वर्षांची होतीस, मीच जन्म दिलाय तुला." मग तिचा आवाज खाली आला. "ऑगस्ट होता. माझ्या नावावरची कापली. तुझं दम्याचं यंत्र विजेवर चालायचं. काय करणार होते मी, फुंकर घालणार होते? कंपनीच्या बाईने फोनवर विचारलं, कुणाच्या नावावर? माझ्या तोंडातून तुझं नाव निघालं. पुढे माझं कामाचं ठिकाण बंद पडलं आणि भरायचं राहिलं. दर महिन्याला वाटायचं, पुढच्या महिन्यात."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? बाळ, अभ्यास कर आणि विजेचे पैसे पण दे?"

टायेशा रडली नाही, ओरडलीही नाही. तिने कागदाची घडी केली. वर्लीन मात्र टेबलाचा कोपरा धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती म्हणाली, "मी निस्तरते हे. तू बघ."

मिस प्रूइटनी मार्ग सांगितला होता. दुसऱ्याने आपल्या नावावर खाती उघडली, अशी पोलिसात तक्रार द्यायची. तिची नक्कल कंपन्यांना पाठवली की त्या नोंदी काढून टाकतात, जणू कधी नव्हत्याच. तक्रारीत करणाऱ्याचं नाव माहीत असेल तर लिहायचं. टायेशाने तो फॉर्म आणला, आणि पहिल्याच संध्याकाळी फाडून चुलीत घातला.

दुसऱ्या दिवशी वर्लीन पोलीस चौकीत गेली. स्वतः. चौकीवर कर्टिस पेटवे असतो. तो तिच्या वर्गात होता; शाळेत तिची गणितं उतरवून घ्यायचा. त्यानेच पुढे मला सांगितलं.

"तक्रार द्यायचीय," ती म्हणाली.

"कुणाविरुद्ध?"

"वर्लीन टोलिव्हर."

"वर्लीन, घरी जा."

"मी गुन्हा कबूल करतेय आणि तू मला घरी पाठवतोस? पगार कशाचा घेतोस रे?"

कर्टिसने तिला समजावलं की हे असं चालत नाही. जिच्या नावाचा वापर झाला तिनेच तक्रार द्यायला हवी. तेव्हा वर्लीनने त्याला जेवायला बोलावलं. गुरुवारी संध्याकाळी तो गणवेशातच आला. मी लोण्याचा केक केला होता. टायेशा कामावरून आली आणि दारातच थांबली.

"हा कशाला आलाय?"

"जेवायला," वर्लीन म्हणाली. "आणि तुझी सही घ्यायला."

कर्टिसने कोरा फॉर्म टेबलावर सरकवला. केकचा तुकडा तोंडात होता, त्यामुळे त्याला बोलता येईना. टायेशा म्हणाली, "कर्टिस काका, मी सही केली तर तिचं काय होईल?"

त्याने घास गिळला. "आजारी बाईला कोण आत घालणार? पण मी वचन नाही देऊ शकत. कागद वर गेला की माझ्या हातात राहत नाही. सरकारी वकील ठरवतो."

"मग नाही."

"सही कर, टायेशा," वर्लीन म्हणाली.

"मी स्वतःच्या आईला पोलिसात देऊ? आणि मग नर्स होऊन लोकांच्या आयांना औषध देऊ?"

"मी तुला विचारत नाहीये, सांगतेय."

"सांग. तरी नाही."

"कुणावर गेलीस गं एवढी हट्टी?"

"तुला नाही माहीत?" टायेशा म्हणाली, आणि त्या दोघी एवढ्या सारख्या दिसल्या की कर्टिसला हसू आलं. त्याने फॉर्म घडी करून खिशात घातला आणि उरलेला केक कागदात बांधून नेला.

त्यानंतर वर्लीनने माशांचं ताट विकायला काढलं. आमच्याकडे पैशाची नड आली की हेच करतात. कॅटफिश तळायचा, बरोबर स्पॅगेटी, कोबीची कोशिंबीर, पांढऱ्या पावाचे दोन तुकडे आणि वर तिखट सॉस. ताट सात डॉलरला. शुक्रवारी पगार होतो, म्हणून ताट शुक्रवारीच खपतं. सोमवारी कुणी कुत्रंही फिरकत नाही. चर्चचं स्वयंपाकघर तिला वापरायला मिळालं. मी मासे साफ करायचे, ती मक्याच्या पिठात घोळवून तळायची.

"शुक्रवारी तुझं केंद्र असतं ना?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बदलून घेतलं. आता शनिवारी जाते."

मला ते खरं वाटलं. शनिवारी टायेशा आश्रमात दोन पाळ्या करायची, त्यामुळे घरी काय होतं ते बघायला तीही नसायची. टायेशाला वर्लीनने सांगितलं होतं की ताटांचे पैसे घर हलवण्यासाठी आहेत, आणि शुक्रवारचं केंद्र सकाळीच उरकतं. केंद्रातून फोन आला की वर्लीन म्हणायची, आज लेक गाडीने घेऊन येतेय. हे सगळे धागे आम्ही नंतर जोडले. त्या वेळी प्रत्येकीच्या हातात एकच धागा होता.

सप्टेंबर असा गेला. ताटं चांगली खपली. गिरणीतली माणसं रांग लावायची आणि वर्लीन कढईपाशी उभी राहून एकेकाची खबर घ्यायची. "लीमन, गेल्या शुक्रवारचे तीन डॉलर राहिलेत. मासा खाताना तोंड उघडतं, पैसे देताना हात का उघडत नाही?" तिचे पाय सुजायला लागले. बुटांचे बंद बांधता येईनात, म्हणून ती चपला घालून यायची. मी म्हटलं, बस जरा. म्हणाली, "मावशी, दिवसभर कढईपाशी उभी राहिलीस तर तुझेही सुजतील." पाणी प्यायची बंदी होती, तर बर्फाचा खडा तोंडात धरून तळत राहायची.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारी मासे चारच्या आत संपले. वर्लीनने पैसे मोजले, एप्रन काढला आणि मला म्हणाली, "चल गाडीत बस." गावातल्या भरणा खिडकीवर जाऊन तिने फर्निचरवाल्याचा शेवटचा आकडा भरला. विजेचे आणि गॅसचे तिने आधीच्या आठवड्यांत भरले होते. मला तेव्हा कळलं की मासे कशासाठी तळले जात होते. पावत्या तिने छातीशी, झग्याच्या आत ठेवल्या.

शनिवारी रात्री टायेशा दोन पाळ्या करून आली तेव्हा मी तिथेच होते. वर्लीनने तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्यापुढे पावत्या एकाशेजारी एक मांडल्या, पत्त्यांसारख्या.

"बघ. लाइट. गॅस. पलंग. कुणाचं काही देणं नाही. आता तुझं नाव जन्मलीस तेव्हा होतं तसं."

टायेशाने एक एक पावती उचलून वाचली. तिच्या तोंडावरून मला काही कळेना. मग ती म्हणाली, "कसं केलंस गं हे?"

"मासे मेले बिचारे," वर्लीन म्हणाली. "तू उद्याच त्या लिटल रॉकच्या घरमालकाला फोन कर. म्हणावं, आता बघ माझं क्रेडिट."

"रविवारी नाही उचलणार तो. सोमवारी करते."

"झालं ना सगळं?"

"हो मम्मा. झालं."

वर्लीन इतकी खूष झाली की तिने गाणं धरलं, आणि दम लागला म्हणून अर्ध्यात सोडलं. तोंड सुजलेलं होतं. टायेशाने तिच्या पोटरीवर अंगठा दाबून बघितला; खळगा पडला तो भरून येईना. "केंद्रात काय म्हणाले?" तिने विचारलं. "म्हणाले, मीठ कमी खा," वर्लीन म्हणाली. "सोमवारी मी येते तुझ्याबरोबर, मीच विचारते त्यांना," टायेशा म्हणाली, आणि तिला अंथरुणावर नेऊन निजवलं.

मग ती मला सोडायला बाहेर आली. मी म्हटलं, "चला, सुटलीस."

"नाही सुटले, आजी."

"म्हणजे?"

"भरले की नोंद जात नाही. नुसतं लिहितात की थकलं होतं, नंतर भरलं. सात वर्षं राहतं तसंच. घरमालकाला थकलं होतं एवढंच दिसतं. मिस प्रूइटनी सांगितलं होतं मला." तिने गाडीचं दार धरलं होतं. "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिला वाटलं मला चकित करावं."

"मग आत्ता का नाही सांगितलंस?"

"तू तिचं तोंड बघितलंस ना?"

रविवारी वर्लीन चर्चला आली नाही. तिची जागा पुढून तिसऱ्या बाकावर, आणि तिथे नुसती तिची बसायची उशी. पाद्री उभे राहिले तरी ती दिसेना, तेव्हा गायकांच्या रांगेतली टायेशा तशीच गाण्याच्या झग्यात धावत निघाली. मी मागून गेले. माझ्याने धाववत नाही. मी पोचले तेव्हा दारात दवाखान्याची लाल दिव्याची गाडी आलेली होती आणि टायेशा स्वयंपाकघराच्या जमिनीवर गुडघे टेकून आईच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होती आणि मोठ्याने आकडे मोजत होती. त्या माणसांनी तिला बाजूला केलं तरी ती मोजतच राहिली.

डॉक्टरांनी विचारलं, केंद्राचे किती दिवस चुकले? टायेशा म्हणाली, एकही नाही. त्यांनी केंद्राला फोन लावला. ताटं सुरू झाल्यापासून वर्लीन एकाही शुक्रवारी तिथे गेली नव्हती, शनिवारीही नाही. मग ते तिच्याकडे न बघता खाली बघून बोलले. रक्त धुतलं गेलं नाही, पोटॅशियम वाढलं, हृदय थांबलं.

टायेशाने मला फक्त एकदा विचारलं. "तू तिथे होतीस ना आजी, प्रत्येक शुक्रवारी?"

"होते. मला म्हणाली, शनिवारी जाते."

"मला म्हणाली, सकाळी जाते." त्यापुढे आम्ही हा विषय काढला नाही.

मातीनंतरचं जेवण चर्चच्या तळघरात झालं. बायकांनी कोंबडी केली, पालेभाजी शिजवली. मासे कुणी केले नाहीत. सगळे पांगल्यावर कर्टिस टोपी हातात घेऊन आमच्या टेबलाशी आला.

"मावशी, मी आता बोलू नये," तो म्हणाला. "पण परत कधी बोलणार? टायेशा, आता कुणाला काही होणार नाही. वकील नाही, कोर्ट नाही. सही केलीस तर ते सगळं पुसलं जाईल."

मला वाटलं ती त्याच्या अंगावर धावून जाईल. ओवीटा म्हणालीच, "लाज नाही वाटत रे, अजून हिच्या आईच्या कबरीची माती ओली आहे." पण टायेशाने हात पुढे केला.

"द्या. तिने सांगितलं होतं सही कर. तेव्हा नाही ऐकलं तिचं."

तिने फॉर्म भरायला घेतला. कागदी ताटं बाजूला सारून, सरळ बसून, स्वच्छ अक्षरात. स्वतःचं नाव. नंबर. खाती कोणती. मग गुन्हा करणाऱ्याचं नाव, तिथे तिने आईचं पूर्ण नाव लिहिलं. नातं, तेही लिहिलं. पुढच्या ओळीवर पेन थांबलं.

"कर्टिस काका, इथे सध्याचा पत्ता विचारलाय. काय लिहू?"

कर्टिसने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रिकामं सोड, बाळ," तो म्हणाला.

जानेवारीची तुकडी तिच्याविना सुरू झाली. नोंदी पुसायला वसंत उजाडला. कंपन्यांनी पत्रं पाठवली की या खात्यांशी टायेशाचा संबंध नाही. विजेशी नाही, गॅसशी नाही, पलंगाशीही नाही. ती पत्रं तिने मला वाचून दाखवली नाहीत, मीच वाचली. ऑगस्टमध्ये ती लिटल रॉकला गेली. तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली, जिने पुष्कळ; पण आता चालत होतं. तिच्याकडे एक कार्ड आहे आणि त्यावर ती पेट्रोल भरते. वर्षातून तीनदा रिपोर्ट मागवते आणि ओळन् ओळ वाचते. त्यात आता तिच्याशिवाय कुणी नाही.

वर्लीन मे टोलिव्हर, माझी भाची, रविवार २१ ऑक्टोबर २०१२ रोजी सकाळी, चर्चला निघायच्या कपड्यांत, आपल्या स्वयंपाकघरात वारली. वय चव्वेचाळीस.